बाहेरच्या थंडीनुसार बॉयलर लावणे: वक्र, सेन्सर आणि जुळवणी

बहुतेक घरांत बॉयलरच्या पाण्याचं तापमान एकदाच लावलं जातं. बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी ७० किंवा ७५ अंशांवर गुंडी फिरवलेली असते, पुढे तिला कोणी हात लावत नाही. मग बाहेर उणे ८ असो की अधिक १२, रेडिएटरमध्ये तेच कढत पाणी जातं. थंडी बेताची असेल त्या दिवशी खोली झटकन तापते, थर्मोस्टॅट बॉयलर तोडतो, रेडिएटर गार पडतात, थोड्या वेळाने शाल ओढून घ्यावीशी वाटते आणि तेवढ्यात बॉयलर पुन्हा धडधडायला लागतो. घर सरासरीने उबदार असतं, पण माणूस सरासरीत बसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे बाहेर जेवढी थंडी, तेवढंच पाणी गरम. बाहेरच्या भिंतीवर सेन्सर असतो आणि त्याच्या मापावरून बॉयलर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ठरवतो. कुठल्या थंडीला किती गरम पाणी हे सांगणारी रेषा म्हणजे तापनाचा वक्र. बॉयलरच्या पडद्यावर तो 'हीटिंग कर्व्ह' या नावाने दिसतो. वक्र नीट बसला की रेडिएटर कोमट, पण सतत चालू असतात. हात लावला तर 'हे चालू आहेत ना?' अशी शंका येते आणि खोली मात्र २० अंशांवर स्थिर असते. इथली सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

गॅस वाचतो तो मुख्यतः कंडेन्सिंग बॉयलरमध्ये. नैसर्गिक वायू जळून निघालेल्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांच्या खाली पाणी होऊ लागते. रेडिएटरकडून परत येणारं पाणी यापेक्षा जितकं गार, तितकी जास्त वाफ बॉयलरच्या आतच द्रवते आणि तिच्यातली उष्णता धुराड्यातून निघून जाण्याऐवजी घरात येते. ही उष्णता थोडीथोडकी नाही, वाफेची उष्णता न धरता काढलेल्या ज्वलनमूल्याच्या सुमारे ११ टक्के आहे. म्हणून वर्षभर ७५ अंशांवर चालणारा कंडेन्सिंग बॉयलर नावापुरताच कंडेन्सिंग असतो.

आकडे कुठून येतात

घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. आत २० आणि बाहेर उणे १० असेल तर फरक ३०. बाहेर ५ असेल तर फरक १५, म्हणजे उष्णतेची गरज निम्मी. इथवर गणित सरळ आहे. रेडिएटर मात्र सरळ वागत नाही. त्याच्या सरासरी तापमानात आणि खोलीच्या तापमानात जो फरक असतो तो निम्मा केला, तर उष्णता निम्मी मिळत नाही, ४१ टक्क्यांच्या आसपासच मिळते. पत्र्याच्या नेहमीच्या रेडिएटरमध्ये उष्णता या फरकाच्या १.३ घाताने बदलते, त्याचा हा परिणाम. जमिनीखालच्या नळ्यांमध्ये हा घात १.१ च्या जवळ असतो, म्हणून तिथला वक्र जवळजवळ सरळ रेषेसारखा दिसतो.

समजा, उणे १० ला घर २० अंशांवर ठेवायला ६५ अंशांचं पाणी लागतं आणि ते ५० वर परत येतं. पंपाचा प्रवाह तोच ठेवला, तर बाकीच्या दिवसांचे आकडे असे निघतात:

बाहेर −१०: जाणारं पाणी ६५, परतीचं ५०
बाहेर −५: जाणारं ५९, परतीचं ४६
बाहेर ०: जाणारं ५३, परतीचं ४३
बाहेर ५: जाणारं ४६, परतीचं ३८
बाहेर १०: जाणारं ३९, परतीचं ३४
बाहेर १५: जाणारं ३१, परतीचं २८

यात दोन गोष्टी लक्ष देऊन पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे परतीचं पाणी अगदी कडाक्याच्या दिवशीही ५५ च्या खाली आहे, म्हणजे हा बॉयलर सगळा हंगाम कंडेन्स करत राहील. दुसरी म्हणजे (बाहेर २०, पाणी २०) पासून (बाहेर −१०, पाणी ६५) पर्यंत पट्टीने रेघ मारली तर ५ अंशांना ती ४२.५ दाखवते, पण लागतं ४६. चांगल्या कंट्रोलरमधला वक्र मधे थोडा फुगलेला असतो तो याचसाठी. तुमचा कंट्रोलर साधी सरळ रेघच काढत असेल, तर कडक थंडीत सगळं ठीक आणि ५ ते १० अंशांच्या दिवसांत घर कुडकुडतं, ही तक्रार ठरलेली. तिथे रेघेचं उबदार टोक २० ऐवजी २६-२७ वर उचलावं.

वक्राला हात लावण्याआधी

बॉयलर कंडेन्सिंग आहे का, हे आधी पाहा. खालून प्लास्टिकची बारीक नळी निघून सांडपाण्याला जोडलेली असेल, तर तो कंडेन्सिंग. अशी नळी नसलेल्या जुन्या बॉयलरला परतीचं गार पाणी चालत नाही. त्याच्या बिडाच्या किंवा पोलादी उष्णता-विनिमयकावर आणि धुराड्यात आम्लयुक्त पाणी साचतं आणि काही हंगामांत गंज आरपार जातो. लाकूड-कोळशाच्या बॉयलरला तर जोडीला डांबरही धरतं. अशा ठिकाणी बॉयलर गरमच ठेवायचा आणि रेडिएटरच्या वाटेवर मोटर असलेला मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परतीचं गार पाणी मिसळणारी झडप) बसवून वक्र त्या व्हॉल्व्हला लावायचा. बॉयलरकडे परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली जाऊ नये, अशी वेगळी सोयही लागते. हे काम घरच्या घरी करण्यातलं नाही.

दुसरा प्रश्न नळाच्या गरम पाण्याचा, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटर आणि नळ दोन्हींचं काम टाकीशिवाय करणारा, नळाचं पाणी वेगळ्याने तापवतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. पण गरम पाण्याची वेगळी टाकी असेल, तर बॉयलरला 'आता टाकी तापवतोय' आणि 'आता रेडिएटर' यांतला फरक कळायला हवा. टाकीच्या वेळी पाणी ६५-७० वर जायला हवं आणि रेडिएटरच्या वेळी वक्रावर परत यायला हवं. साध्या जोडणीत दोन्हीकडून 'चालू हो' एवढाच संदेश एका तारेवरून येतो. तिथे वक्र लावलात तर ४५ अंशांच्या पाण्याने टाकी कधीच ६० ला पोचणार नाही आणि कोमट टाकीत लेजिओनेला जिवाणू वाढण्याची भीती राहते. बॉयलरवर टाकीसाठी वेगळं टर्मिनल असेल तर तंत्रज्ञाकडून जोडणी बदलून घ्यावी. ते नसेल तर या घरात आपोआप चालणारा वक्र लावू नये.

तिसरं काम रेडिएटरांचा समतोल, आणि ते टाळता येत नाही. गरम पाण्याला सगळ्यात जवळचा, सोपा रस्ता आवडतो. पाणी ७५ अंशांवर असताना लांबच्या खोलीला थोडं कमी मिळालं तरी भागतं. पाणी ४५ वर आणलं की तीच खोली उघडी पडते. प्रत्येक रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर आकड्यांचं डोकं असतं, ते खोलीच्या उबेनुसार पाणी आपोआप कमी-जास्त करतं. दुसऱ्यावर नुसती टोपी. टोपीखालचा व्हॉल्व्ह समतोलासाठी असतो. समतोल करताना वक्र बंद ठेवून पाणी तात्पुरतं ६० वर स्थिर करावं आणि आकड्यांची सगळी डोकी पूर्ण उघडावीत. बॉयलरला सगळ्यात जवळच्या रेडिएटरचा टोपीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पाव ते अर्धा फेरा उघडावा. सगळ्यात लांबचा पूर्ण उघडा ठेवावा, मधले त्या हिशेबाने. अर्ध्या तासाने प्रत्येकाच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या नळीचं तापमान चिमट्याच्या थर्मामीटरने मोजावं. सगळीकडे घट साधारण सारखी, १० ते १५ अंश, आली की झालं. कुठे घट ५ असेल तर तिथला व्हॉल्व्ह अष्टमांश फेरा बंद करावा, कुठे २५ असेल तर उघडावा. एकदा फिरवल्यावर वीस मिनिटं थांबावं, कारण एक बदलला की बाकीचे हलतात. सगळं आटोपायला अर्धा दिवस जातो.

रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ आहे. वरच गार असेल तर हवा अडकली आहे. या दोन्हींवर वक्र वर उचलणं हा इलाज नव्हे.

सेन्सर कुठे आणि कसा

बाहेरचा सेन्सर म्हणजे छोट्या डबीतला थर्मिस्टर. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो. तो कुठल्या भिंतीवर लावता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ऊन न लागणारी भिंत निवडावी. उत्तर गोलार्धात ती उत्तरेची किंवा वायव्येची असते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेची. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास जरी डबीवर पडलं, तरी बॉयलरला बाहेर वसंत आल्यासारखं वाटतं आणि नेमकं लोक उठायच्या वेळी तो पाणी गार करतो.

उंची जमिनीपासून दोन ते अडीच मीटर. खिडकीच्या किंवा दाराच्या वर नको, कारण तिथून घरची गरम हवा वर येते. बॉयलरच्या धुराड्याजवळ, स्वयंपाकघरातल्या हवेच्या जाळीजवळ, बाल्कनीखाली किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर नको. डबीच्या मागून तार भिंतीतून आत जात असेल तर ते भोक सिलिकॉनने बुजवावं. नाहीतर भोकातून येणारी घरातली उबदार हवा थेट सेन्सरवर पडते आणि बाहेर ० असताना तो ४ दाखवतो. चार अंशांची ही चूक वर दिलेल्या वक्रावर पाण्यात पाच अंशांची होते.

तार दोन पदरी, ०.५ ते ०.७५ चौरस मिलिमीटरची पुरते. विजेच्या मुख्य तारांना चिकटवून नेऊ नये, हातभर अंतर ठेवावं. थर्मिस्टरला अधिक-उणे नसतं, त्यामुळे दोन तारा कशाही जोडल्या तरी चालतं. बॉयलरच्या आत मात्र सेन्सरची टर्मिनलं मुख्य विजेच्या टर्मिनलांच्या शेजारीच असू शकतात. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय झाकण काढू नये. गॅसच्या ज्वलनकक्षाचं सीलबंद आवरण तर परवानाधारक तंत्रज्ञानेच उघडायचं.

सेन्सर त्याच बॉयलरसाठीचा हवा. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारे सेन्सर सर्रास मिळतात, पण सगळे उत्पादक तेच वापरत नाहीत. चुकीचा सेन्सर जोडला तर बॉयलर तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीचं तापमान वाचतो. जोडल्यावर सावलीत ठेवलेल्या थर्मामीटरशी पडद्यावरचा आकडा पहाटे ताडून पाहावा. एक-दीड अंशाचा फरक असेल तर कंट्रोलरमध्ये दुरुस्तीची सोय बहुधा असते. त्याहून जास्त असेल तर दुरुस्ती न लावता जागा किंवा सेन्सर बदलावा.

सुरुवातीचे आकडे

कंट्रोलरमध्ये दोन मुख्य खुंट्या असतात. एक 'स्लोप', म्हणजे चढ: बाहेर एक अंश थंडी वाढली की पाणी किती अंश वाढवायचं. दुसरी 'पॅरलल शिफ्ट', म्हणजे सरक: सगळा वक्र आहे तसा वर किंवा खाली. अनेक कंट्रोलरमध्ये सरकेसाठी वेगळी खुंटी नसते. खोलीचं इच्छित तापमान वाढवलं की तीच सरक होते आणि खोलीच्या एका अंशामागे पाणी दोन ते अडीच अंशांनी वर जातं.

सुरुवात करायला चढ असा धरावा: जमिनीखालच्या नळ्यांना ०.३ ते ०.५, चांगल्या उष्णतारोधक घरात मोठे रेडिएटर असतील तर ०.८ ते १.०, साधारण घरात १.२ ते १.५, भिंतींना काहीच आवरण नसलेल्या जुन्या घरात १.६ किंवा थोडा जास्त. सरक शून्य. उत्पादकाने लावून दिलेला चढ बहुतेक वेळा चढाच असतो, कारण घर गार राहिलं तर फोन येतो, गॅस जास्त जळला तर येत नाही.

त्याबरोबर दोन मर्यादा लावाव्यात. किमान पाणी रेडिएटरसाठी २५ ते ३०. कमाल मर्यादा रेडिएटरसाठी सगळ्यात थंड दिवसाच्या गरजेपेक्षा पाचेक अंश वर, जमिनीखालच्या नळ्यांना ४५. शिवाय जमिनीच्या नळ्यांवर स्वतंत्र सुरक्षा-थर्मोस्टॅट हवाच. ज्या जागेत माणसं वावरतात तिथे फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, आणि लाकडी फरशीला याहून कमी मर्यादा असते.

रेडिएटर पुरेसे मोठे आहेत का याचा अंदाज आधीच घेता येतो. युरोपीय मानक ईएन ४४२ नुसार रेडिएटरची क्षमता ७५ अंश जाणारं, ६५ परतीचं आणि २० खोलीचं धरून छापतात, म्हणजे खोलीपेक्षा सरासरी ५० अंश वर. हाच फरक ३० वर आणला की १००० वॅटचा रेडिएटर साधारण ५१५ वॅट देतो, २० वर आणला की ३०० च्या आसपास. ज्या खोलीचा रेडिएटर मुळातच तोकडा आहे, ती खोली सगळ्या घराचा वक्र वर ओढून धरते. तिथे रेडिएटर मोठा करावा. एका खोलीसाठी सगळ्या घराचं पाणी तापवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जुळवणी

जुळवणी चालू असेपर्यंत आकड्यांची सगळी डोकी पूर्ण उघडी ठेवावीत. झोपायच्या खोलीचं बंद ठेवायचं असेल तर चालेल. खोलीचा थर्मोस्टॅट २३-२४ वर सरकवून ठेवावा, म्हणजे तो मधे बोलणार नाही. हे न करता वक्र जुळवायला बसलात तर थर्मोस्टॅट तुमची प्रत्येक चूक झाकून टाकतो आणि वक्र बरोबर आहे की नाही हे कधीच कळत नाही.

नोंद वहीत करावी: तारीख, पहाटे सहाचं बाहेरचं तापमान, जाणारं पाणी, परतीचं पाणी, दोन मुख्य खोल्यांचं तापमान. पहाटेच का? त्या वेळी ऊन नसतं, स्वयंपाक चालू नसतो, पाहुणे नसतात. चार माणसं बसलेल्या दिवाणखान्यात संध्याकाळी घेतलेलं माप वक्राबद्दल काही सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा. चढाचा पाया २० अंशांपाशी असतो. चढ ०.१ ने वाढवला तर बाहेर १० असताना पाणी फक्त एक अंश वाढतं, उणे १० ला तीन अंश. सरक मात्र सगळीकडे सारखीच लागू होते. म्हणून बाहेर ८ ते १२ असताना घर गार किंवा गरम वाटलं तर सरक बदलायची. बाहेर शून्याखाली असताना वाटलं तर चढ बदलायचा. सौम्य दिवसांत चढाला हात लावू नये. तेव्हा केलेली चूक पहिल्या कडाक्याच्या रात्री समोर येते.

कडक थंडीत ठीक, सौम्य दिवसांत गार? सरक दोन-तीन अंश वर आणि चढ ०.१ खाली, म्हणजे थंड टोक जागच्या जागी राहतं. सौम्य दिवसांत ठीक, कडाक्यात गार? फक्त चढ ०.१ वर. कडाक्यात ठीक पण सौम्य दिवसांत उकडतं? सरक खाली, चढ थोडा वर. सगळ्या हवामानात सारखंच गार असेल तर फक्त सरक.

एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर किमान २४ तास थांबायचं. जाड दगडी किंवा विटांच्या भिंतींच्या घरात ४८ ते ७२ तास. जमिनीखालच्या नळ्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या असतील तर तीन दिवसांच्या आत मत बनवू नये. वक्र बिघडतो तो बहुतेक वेळा याच घाईने: संध्याकाळी गार वाटलं म्हणून वर केला, रात्री उकडलं म्हणून खाली केला, आणि आठवड्याने मूळ आकडा काय होता हेच आठवत नाही.

घर सगळीकडे उबदार झालं की काम संपलं असं समजू नये. आता खाली उतरायचं. दर दोन-तीन दिवसांनी सरक एक अंश खाली करत जावी, अगदी पहाटे मुख्य खोली अर्धा अंश कमी दाखवेपर्यंत. मग एक पायरी वर यावं. तो तुमच्या घराचा वक्र. त्यानंतर थर्मोस्टॅट हव्या त्या तापमानापेक्षा दोन अंश वर लावून ठेवावा, म्हणजे उन्हाच्या दिवशी तो लगाम म्हणून कामाला येतो. आकड्यांची डोकी दक्षिणेच्या उन्हाच्या किंवा चूल असलेल्या खोलीत लावावीत, सगळीकडे नाही. सगळी डोकी अर्धवट बंद असतील तर त्याचा अर्थ पाणी अजून गरजेपेक्षा गरम आहे.

काही कंट्रोलर खोलीतल्या मापाचाही विचार करतात. ही सोय 'रूम इन्फ्लुएन्स' अशा नावाने दिसते. जुळवणी चालू असताना ती शून्यावर ठेवावी, नंतर हवी तर थोडी द्यावी. खोलीतलं यंत्र ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरचं डोकं कायम उघडं हवं, नाहीतर दोन नियंत्रक एकमेकांशी भांडत बसतात.

घराचं जडपण विचारणारी एक सेटिंगही असते: हलकं, मध्यम, भारी. भारी निवडलं तर कंट्रोलर बाहेरच्या तापमानाची बऱ्याच तासांची सरासरी धरतो. जाड भिंतींच्या घराला ते योग्यच आहे. लाकडी किंवा पोकळ भिंतींच्या घरात तेच लावलं तर थंडीची लाट आल्यावर बॉयलर अर्धा दिवस उशिराने जागा होतो.

बॉयलर सारखा चालू-बंद होत असेल तर

वक्र खाली आला की एक जुनी अडचण वर येते: बॉयलर घरापेक्षा फार मोठा असतो. समजा उणे १० ला घराची गरज ८ किलोवॅट आहे. बाहेर १० अंश असताना ती २.७ किलोवॅट होते. २४ किलोवॅटचा बॉयलर कमीत कमी ५ किलोवॅटवर जळत असेल, तर त्याला थांबत थांबतच चालावं लागणार. हे पूर्ण टळत नाही, पण आटोक्यात ठेवता येतं. तंत्रज्ञाच्या मेनूतून हीटिंगची कमाल शक्ती २४ वरून १० किलोवॅटवर आणावी (नळाच्या पाण्याची शक्ती वेगळी असते, तिला धक्का लागत नाही). पुन्हा पेटण्याआधीचा थांबा १० ते १५ मिनिटांचा करावा. आणि पुन्हा तेच: रेडिएटर उघडे ठेवावेत, कारण जितकं जास्त पाणी फिरेल तितका वेळ ज्योत टिकेल. ज्योत एका दमात दहा मिनिटं चालत असेल तर चिंता नको. दोन-तीन मिनिटांत विझून लगेच पेटत असेल तर काहीतरी चुकतंय, बहुधा डोकी बंद आहेत किंवा पंपाचा प्रवाह कमी आहे.

घराची खरी गरज मीटरवरून काढता येते. थंड, वारा नसलेल्या रात्री, तापमान कमी न करता, बारा ते सहा या वेळेत गॅसचा मीटर वाचावा. नळाचं गरम पाणी त्या वेळेत वापरू नये. नैसर्गिक वायूचा एक घनमीटर म्हणजे साधारण १० ते ११ किलोवॅट-तास. सहा तासांत ४.५ घनमीटर गेला तर बॉयलरला सरासरी ८ किलोवॅटच्या जवळपास पुरवठा झाला आणि घराला त्याहून थोडी कमी उष्णता मिळाली.

रात्र, उन्हाळा आणि सेन्सर नसलेलं घर

रात्री बॉयलर पूर्ण बंद करण्याची सवय या पद्धतीत सोडावी लागते. ४५ अंशांच्या पाण्याने गार पडलेलं घर पुन्हा तापायला तासन् तास लागतात. खोली दोन-तीन अंश खाली उतरवणं पुरे, आणि उठण्याच्या दोन-तीन तास आधी परत वर. जमिनीखालच्या नळ्यांच्या घरात तेही करू नये.

हीटिंग बंद होण्याची बाहेरची मर्यादा १५ ते १८ अंश असते. चांगल्या उष्णतारोधक घरात ती १२-१३ वर आणता येते. ती फार उंच राहिली तर ऊन पडलेल्या दिवशीही पंप उगाच फिरत राहतो.

सेन्सर बसवणं शक्य नसेल तर गुंडी हाताने फिरवावी. वरच्या उदाहरणातल्या घराला बाहेर १० च्या वर असेल तेव्हा ४०, शून्य ते १० मध्ये ५३, शून्याखाली ६५ अशा तीन जागा पुरतात. हवामानाचा अंदाज पाहून आठवड्यातून एकदा बदल केला तरी स्थिर ७५ पेक्षा कितीतरी बरं. इथे खोलीचा थर्मोस्टॅट मात्र नेहमीच्या तापमानावरच राहू द्यावा. टाकी असलेल्या घरात ही गुंडी टाकीलाही लागू होते का, हे आधी पाहावं.

नेहमीच्या तक्रारी

पाणी कायम कमाल मर्यादेवर अडकलं असेल तर सेन्सरची तार तुटलेली असू शकते. तुटलेली तार म्हणजे प्रचंड विद्युतरोध, आणि बॉयलर त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावू शकतो. तार आपसांत चिकटली तर उलट, बाहेर भर उन्हाळा आहे असं समजून तो पेटतच नाही. बरेच बॉयलर अशा वेळी दोषाचा क्रमांक दाखवतात, पण सगळे नाही. दोन्ही टोकं सुटी करून मल्टिमीटरने विद्युतरोध मोजावा. शून्य अंशांच्या आसपास १० किलोओहमच्या सेन्सरचा रोध २५ अंशांच्या तुलनेत साधारण तिप्पट असतो.

फक्त वारा सुटला की घर गार पडतं? सेन्सरला वारा कळत नाही, त्याला तापमान तेवढं कळतं. फटी बुजवाव्यात. वक्र वाऱ्याच्या दिवसांसाठी लावला तर बाकीचे दिवस उकाडा होतो.

कंडेन्स होतंय का याची सोपी खूण म्हणजे ती प्लास्टिकची नळी. बॉयलर बराच वेळ चालू असताना तिच्यातून नियमित ठिबक हवी. काहीच येत नसेल तर एक तर परतीचं पाणी फार गरम आहे, नाहीतर नळी तुंबली आहे. बाहेरून जाणारी नळी कडाक्यात गोठते आणि बॉयलर बंद पडतो. तिच्यावर कोमट पाणी ओतावं, उकळतं नव्हे. नळी जाड आणि उतार नीट असेल तर ही वेळच येत नाही.

खिडक्या बदलल्या किंवा छताला उष्णतारोधक थर दिला की जुना वक्र चुकीचा होतो, आणि चूक उबदार बाजूला असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. रेडिएटर तेच राहिले आणि उष्णतेची गरज २० टक्क्यांनी घटली, तर वरच्या उदाहरणात उणे १० ला ६५ ऐवजी सुमारे ५८ अंशांचं पाणी पुरतं. चढ १.५ असेल तर तो १.३ पर्यंत खाली आणून पुढच्या थंडीत पहाटेच्या नोंदी पुन्हा सुरू कराव्यात.